काचेवर होतं तेवढं केलं

जुनी गाडी घ्यायची, हा निर्णय मी एका मिनिटात घेतला. (माझे सगळे निर्णय एका मिनिटात होतात. ते निस्तरायला महिने लागतात, असं घरच्यांचं म्हणणं आहे. घरच्यांची बरीच म्हणणी असतात.) गाडी चौदा वर्षांची, चारही चाकांना ताकद देणारी, उंच, दणकट आणि मूळची बहुधा हिरवी. आमच्या घरात सहल म्हणजे बागेतल्या तिसऱ्या बाकापर्यंत जायचं आणि आजीचा गुडघा बोलायला लागला की परत फिरायचं. मला या मंडळींना डांबर संपतं त्याच्या पुढे न्यायचं होतं. ओढे, चढ, पठार, वारा! आयुष्यात एकदा तरी!

बाबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरला बुटाच्या टोकाने टोचून पाहिलं आणि म्हणाले, "कलेक्टरसाहेब, एक अट आहे."

(घरात मला कलेक्टरसाहेब म्हणतात. कौतुकाने नव्हे.)

"पहिल्या सहलीला चौघांनी जायचं आणि याच गाडीतून, कुणीही ओढून न आणता, परत यायचं. जमलं तर गाडी राहील. नाही जमलं तर तुझे आतोबा घ्यायला तयार आहेत. त्यांना कोंबड्यांच्या खाद्याची पोती वाहायला हवीच आहे."

माझी गाडी आणि कोंबड्यांचं खाद्य! मी तिथल्या तिथे पैज घेतली.

गाडी सजवायला एक म्हातारे मिस्त्री मिळाले. हात सोन्याचे, पण कामाची पद्धत अशी, की ती ऐकून माझ्या डोक्याला मुंग्या आल्या. त्यांच्याकडे वही नाही, पावती नाही, फोनवर काही घेणं नाही. करायची कामं खडूने गाडीच्या पुढच्या काचेवर लिहायची. ते सकाळी येणार, काच वाचणार, कामाला लागणार. झालेलं काम फडक्याने पुसायचं. काच कोरी झाली, की गाडी तयार.

"अहो काका, पण कुणी मध्येच काही लिहिलं तर?"

"लिहू दे की. काचेवर असलं तर करायचं."

"कुणी पुसलं तर?"

"काचेवर नसलं तर नाही करायचं," ते शांतपणे म्हणाले. जणू शंका मूर्खपणाची होती.

मी ठळक अक्षरांत लिहिलं: टपावर कॅरियर. मोठे टायर. मागचा बाक काढून तिथे सामानाचे ड्रॉवर. (बाबा आणि आजी ड्रॉवरवर बसतील, असा माझा हिशोब होता.) हवेचा पंप. खाली, जागा उरली तर, विंच. (विंच म्हणजे गाडीच्या नाकावर बसवलेलं, तारेचा दोर गुंडाळणारं यंत्र. गाडी रुतली की दोर झाडाला बांधायचा, बटण दाबायचं, गाडी स्वतःच स्वतःला ओढून काढते. आमच्या घरात असं स्वावलंबी आणखी कुणी नाही.)

चार दिवसांनी गेले. कॅरियर बसलं होतं. टायर बसले होते. आणि दाराखाली पायरी बसली होती. एक नव्हे, दोन. शिवाय दाराच्या आत पितळेचा दांडा, धरून चढायला. बसच्या दारात असतो तसा.

"काका, हे काय?"

"काचेवर होतं."

"मी नव्हतं लिहिलं!"

"मी तरी कुठे लिहिलंय?" मिस्त्री म्हणाले. "मला लिहायचा कंटाळा आहे."

मी काच पाहिली. दुसऱ्याच कुणाच्या तरी बारीक, नीटस अक्षरात 'ड्रॉवर'च्या पुढे लिहिलेलं होतं: पडदे. फिकट रंगाचे चालतील.

घरी येऊन मी चौकशी बसवली. बाबा पेपर वाचत होते. आई मटार सोलत होती. आजी काहीच करत नव्हती, आणि तेच मला जास्त संशयास्पद वाटलं.

"गॅरेजमध्ये कुणी गेलं होतं का?"

"कुठलं गॅरेज?" बाबांनी पेपर थोडा वर केला.

"पायरी कुणी लिहिली?"

"पायरी कशी लिहितात?" आई म्हणाली.

"आजी?"

"मला बाई चष्म्याशिवाय दिसत नाही," आजी म्हणाली. चष्मा तिच्या नाकावर होता.

मला काही उमगेना. मिस्त्रींना विस्मरण झालंय का? शेजारच्या गाडीची यादी आमच्या काचेवर येते का? की तिथे एखादं गिऱ्हाईक असं आहे, ज्याला लोकांच्या गाड्यांना पडदे लावल्याशिवाय झोप लागत नाही? मी तीन दिवस विचार केला. कॉलेजात मला तर्कशास्त्रात पहिला वर्ग होता. त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.

पुढच्या खेपेला मागचा बाक, जो मी काढायला लावला होता, तो परत आला होता. त्यावर नवा फोम होता. सामानाचे ड्रॉवर त्याच्याखाली कसेबसे कोंबले होते आणि ते उघडायचे तर बसलेल्या माणसाने पाय वर घ्यायला हवे होते. काठी अडकवायला हूक होता. चष्मा ठेवायला खण होता. मी काचेवर वर लिहीत होते, ते खाली. मी मोठं मागत होते, ते मऊ. आमच्या गाडीत दोन पक्ष झाले होते आणि विरोधी पक्ष कोण, ते घरात कुणीच कबूल करत नव्हतं.

आणि माझं विंच? ते काचेवरून गायब! 'जागा उरली तर' असं मीच म्हटलं होतं, आणि तिथे आता त्या बारीक, नीटस अक्षरात एक लांबच्या लांब मजकूर होता. दोन ओळींचा! काचेवर कुणी वाक्यं लिहितं का? आईबाबांच्या पिढीला दोन शब्दांत काही सांगताच येत नाही. घरून निघताना डबा घेतलास का हे विचारायचं असलं तरी सुरुवात हवामानापासून. पहिला शब्द 'छोटा' होता, पुढे कसलासा 'गुडघा' होता. पुढचं वाचायला मला वेळ नव्हता. मी खालची ओळ तळहाताने पुसली आणि तिथे टोलेजंग अक्षरांत लिहिलं: विंच. आजच.

"वाचलंत का आधी?" मिस्त्रींनी विचारलं.

"मला सगळं माहीत आहे हो काका."

"मग ठीक," ते म्हणाले आणि पुन्हा गाडीखाली गेले.

शनिवारी मला ऑफिस होतं, म्हणून गाडी बाबा घेऊन आले. रविवारी सकाळी मी खाली उतरले, तर सगळे आधीच गाडीत बसलेले. आजी मागे, नव्या फोमवर, पायाखाली कसलीशी गोणपाटाची पिशवी घेऊन. ("बाक उंच झालाय गं. पाय लोंबकळतात.") आई पुढे, माझ्या शेजारी. तिची खाण्याची भलीमोठी टोपली आम्हा दोघींच्या मध्ये. पडदे फिकट निळे होते. चांगले दिसत होते, पण हे मी मरेपर्यंत कबूल करणार नाही.

डांबर संपलं. मातीचा रस्ता आला, मग दगड, मग कोरड्या ओढ्याची वाळू. त्यापलीकडे चढ आणि चढावर पठार. "आता बघा!" मी म्हणाले आणि गाडी वाळूत घातली.

गाडी दहा पावलं गेली, घुरघुरली आणि मागची चाकं जागच्या जागी फिरत खाली जाऊ लागली.

"आतोबांना फोन लावू का?" बाबांनी मागून विचारलं.

"घाबरू नका. हिला चारही चाकांची ताकद आहे. एरवी फक्त मागची चाकं ओढतात. हा शेजारचा छोटा दांडा मागे घेतला, की पुढचीही ओढायला लागतात." असं म्हणून मी ऐटीत हात खाली नेला, आणि माझ्या मुठीत हवा आली.

मी पुन्हा चाचपलं. पुन्हा हवा. टोपली बाजूला केली. मोठ्या गिअरशेजारी, जिथे छोटा दांडा असायला हवा, तिथे चटईचा गोल, सुबक तुकडा चिकटवलेला होता.

"दांडा कुठे गेला?"

  मी खाली उतरले. ठीक आहे, विंच होतं ना! आजूबाजूला झाड म्हणून नव्हतं, एक खुरटं झुडूप होतं. दोर ओढत नेऊन मी त्याला बांधला आणि बटण दाबलं. विंचने आपलं काम चोख केलं. झुडूप मुळासकट उपटून गाडीपर्यंत आलं.

"छान आहे हो यंत्र," आजी खिडकीतून म्हणाली. "बागेत तण काढायला बरं."

मग मात्र माझा स्फोट झाला. मी वाळूत उभी राहून बोलले. चोरून लिहिणाऱ्यांविषयी बोलले, पडद्यांविषयी बोलले, एका अख्ख्या पिढीविषयी बोलले. चार चाकांच्या गाडीतून नेमकी दोन चाकं पळवणाऱ्यांना काय म्हणावं, असा सवाल टाकला. तेव्हा आई खाली उतरली.

"पडदे आणि त्या छोट्या दांड्याचं मी लिहिलं," ती म्हणाली. "पायरी बाबांनी. फोम आजीने."

"बसने गेले होते," आजी म्हणाली. "दोनदा."

"आणि मला एका शब्दानेही सांगितलं नाही?"

"तुला सांगायचं?" बाबा म्हणाले. "पायरीचं म्हटलं असतं, तर तू मला म्हातारा ठरवून व्याख्यान दिलं असतंस. त्यापेक्षा खडू बरा."

"पण आई, तू दांडा काढायला का सांगितलंस?"

"काढायला कुठे सांगितलं? माझ्या गुडघ्याला लागत होता. मी दोन ओळींत नीट लिहिलं होतं: छोटा दांडा गुडघ्याला लागतो, तो काढून," आईने एक बोट दुमडलं, "थोडा वाकवून परत बसवणे." तिने दुसरं बोट दुमडलं. "दुसरी ओळ कुणी पुसली, देव जाणे. मिस्त्री म्हणाले, काचेवर होतं तेवढं केलं."

मी झुडपाकडे पाहत राहिले. ते झुडूप एकाएकी फार बघण्यासारखं झालं होतं.

"विंच कुठे लिहिलं होतंस गं?" बाबांनी हळूच विचारलं.

मी ऐकू न आल्यासारखं केलं. आयुष्यात पहिल्यांदाच.

"दांडा म्हणजे हा का?" आजीचा आवाज आला. तिने पायाखालची पिशवी उघडली होती. मिस्त्री काढलेला माल गिऱ्हाइकाला परत देतात, आणि चांगलं लोखंड आजीने टाकून देणं शक्यच नव्हतं. जुने बोल्ट, गंजकी पट्टी, आणि त्यात माझा दांडा, गोल मुठीसकट.

बाबांनी चटईचा तुकडा उचकटला. आत एक खुंट होता. दांडा त्यावर बसला, पण अडकवायची खीळ पिशवीत सापडेना. शेवटी आईने तो दोन्ही हातांनी गच्च धरला.

"आई, मागे ओढ!"

"तुझ्या मागे की माझ्या मागे?"

"दोघींचं मागे एकच आहे!"

"ओरडू नकोस, हात सुटेल."

मी ओरडले नाही. जीभ दाताखाली धरून ॲक्सिलरेटर दाबला. खट्ट झालं, पुढची चाकं जागी झाली, आणि गाडी वाळूतून अशी वर आली, जणू तिला कुणी हाक मारली होती. चढभर आई दांड्याला लटकून होती. पठारावर वारा होता. खाली आमचं सगळं शहर मुठीएवढं दिसत होतं, आणि बाबा त्यात आपलं घर शोधत उभे होते. संध्याकाळी घराच्या दारात गाडी थांबली, तेव्हा ते म्हणाले, "राहील गाडी."

मी जिंकले होते! त्यानंतरचा आठवडा मी जग जिंकल्यासारखी वावरले. फावडं, दोरखंड, पाण्याचे कॅन, घडीचं टेबल, सगळं विकत आणून ड्रॉवरमध्ये भरलं.

पुढच्या रविवारी जाग आली ती दहा वाजता. घर चिडीचूप. दिवाणखान्यात फावडं, दोरखंड, कॅन आणि टेबल नीट रचून ठेवलेलं. फोनवर एक फोटो आला होता. पठार, वारा, बाबा स्टिअरिंगवर, आई दांड्याशेजारी, मागे आजी आणि तिच्या शेजारी, तोंड भरलेले, मिस्त्री.

मी फोन लावला. "मला उठवलं का नाहीत?"

"उठवणार होतो," आई म्हणाली. "पण धाडस कुणी करायचं, यावर एकमत होईना. थांब, आजीला बोलायचंय."

"अगं, गाडी फार गुणी निवडलीस हो," आजी खुशीत म्हणाली. "मागच्या खेपेला केवढा आवाज होता हिचा! आज कशी शांत आहे."

माझा ऊर भरून आला. "मिस्त्रीकाकांनी काहीतरी दुरुस्त केलं असेल."

"छे गं," आजी म्हणाली. "विचारलं मी. ते म्हणतात, त्यांनी हातसुद्धा लावला नाही."