बावीस गाद्यांचा ‘निर्जन’

एकटेपणा म्हणजे काय, हे मराठी माणसाला कळलेलंच नाही, असं रत्नदीपचं ठाम मत होतं. हे मत तो रोज सकाळी आईने हातात आणून दिलेले पोहे खात मांडायचा.

"माझा अल्बम येऊ दे, मग बघ! ‘निर्जन’! इंडी रॉक! दहा गाणी! लोक ढसाढसा रडतील!"

"लिंबू पिळू का अजून?" त्याची आई कांता विचारायची.

सव्वीस वर्षांचा हा घोडा कॉल सेंटरची नोकरी सोडून वर्षभर मानपाड्याच्या वन बीएचकेत गिटार घेऊन बसला होता. दहाही गाण्यांचा विषय एकच, या शहरात माझं कुणीच नाही! ज्याने जन्मात स्वतःचा चहाचा कप विसळला नाही, त्याने असं म्हणायला मोठीच छाती लागते. ती मात्र त्याला देवाने दिली होती.

शेवटी वडिलांनी, म्हणजे मारुतीरावांनी, निकाल लावला. एमआयडीसीतल्या रंगाच्या कंपनीत ते तीस वर्षं घासत होते.

"गणपतीपर्यंत तुझा तो अल्बम हजार वेळा ऐकला गेला, तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाहीतर गणपती गेले की माझ्या कंपनीत, पॅकिंगला. नाइट शिफ्ट!"

"हजार? पप्पा, पहिल्या दिवशी होतील!"

रेकॉर्डिंगला बाळकुमहून नयन येणार होता. मित्राचा मित्र, माईक-मशीन त्याचं, पण वेळ एकच दिवस, मे महिन्यातल्या बुधवारी संध्याकाळी सहापर्यंत. आधी जागा बघायला आला तेव्हा त्याने बेडरूममध्ये एक टाळी वाजवली आणि नाक मुरडलं. "आवाज घुमतोय. भिंतींना फोम लागेल."

"फोम कशाला? गाद्या आहेत ना!" कांताबाई म्हणाल्या आणि आदल्या संध्याकाळी चार मजले फिरून आल्या. बावीस गाद्या आणि सात गोधड्या! प्रत्येकीच्या कोपऱ्यावर बॉलपेनने मालकाचं नाव. चारही भिंती छतापर्यंत झाकल्या. अशी अख्खी बिल्डिंग नावानिशी भोवती उभी करून आमचा कलावंत ‘माझं कुणीच नाही’ गायला सज्ज झाला.

पंखा बंद, कारण त्याचा आवाज माईकमध्ये जातो. मे महिना. पहिलं गाणं सुरू झालं आणि बेल वाजली!

दारात दुसऱ्या मजल्यावरचा दौलत. नाइट करून, डोळे लाल करून आलेला.

"काकी, माझी गादी?"

"अरे, ती आत सगळ्यात खाली आहे. काढली तर वरच्या पाच कोसळतील!"

"मग मी तिथेच पडतो. तू गा रे रत्न्या, मला काय त्रास नाही."

आणि तो खरंच भिंतीला टेकून आडवा झाला. दुसऱ्या कडव्याला घोरायला लागला!

"माझ्या गाण्यात माणूस झोपतोच कसा?" रत्नदीप किंचाळला.

"दमलाय रे तो," नयन म्हणाला आणि त्याने दौलतला अलगद कुशीवर वळवलं. घोरणं थांबलं.

तिसऱ्या गाण्याला पुन्हा बेल. यावेळी तिसऱ्या मजल्यावरच्या बायजामावशी. त्यांच्या प्रियांकाची दुसऱ्या दिवशी हळद. संगमेश्वरहून पाहुणे संध्याकाळी यायचे, ते दुपारीच येऊन थडकले. तीस माणसं, आणि सगळ्यांना जेवून आडवं व्हायचं होतं!

"कांते, माझ्या तीन गाद्या दे. आणि घाग म्हणाले त्यांच्या दोन तुझ्याकडेच आहेत, त्या पण ने म्हणून. चौघुल्यांच्या पण सांगितल्यात."

लग्नघराला नाही म्हणायची बिल्डिंगमध्ये पद्धत नाही. मग दर पाच मिनिटांनी बेल, दर बेलला एक पाहुणा आणि दर पाहुण्यामागे एक गादी! पाचव्या गाण्याला समोरची भिंत उघडी पडली. आठव्या गाण्याला एक गोधडी आणि दौलतची गादी तेवढी राहिली, गादी अशासाठी की तिच्यावर दौलत होता. रत्नदीपचा आवाज आता रिकाम्या टाकीत पडलेल्या माणसासारखा यायला लागला.

साडेपाच वाजले. दहावं गाणं, अल्बमचा प्राण, बाकी होतं. आणि बायजामावशी शेवटची गोधडी न्यायला दारात उभ्या!

"मावशी, फक्त पाच मिनिटं! माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे!"

"अरे, नवरीचा आजा लादीवर बसलाय!"

नयनने घड्याळ पाहिलं. "एक करू. गोधडी वर धरा, हा खाली उभा राहून गाईल. चौघं पाहिजेत."

एक कोपरा कांताबाईंनी धरला, एक बायजामावशींनी. तिसऱ्यासाठी दौलतला गदागदा हलवून उठवला. चौथा कोपरा कामावरून नुकत्याच आलेल्या मारुतीरावांच्या हातात दिला. त्यांच्या खांद्यावर अजून डब्याची पिशवी होती. घामाच्या धारा लागलेल्या, हात वर, श्वास रोखलेले. आणि मधोमध आमचा एकाकी जीव डोळे मिटून विव्हळत होता,

"या शहरात माझं कुणीच नाही... हाक मारली तर ओ देणारं कुणीच नाही..."

बायजामावशींनी चार मिनिटं दम धरला. शेवटच्या ओळीला त्यांचा बांध फुटला.

"अरे मेल्या! मग हे हात काय भाड्याने आणलेत? खांदे भरून आले माझे!"

आणि गोधडी ओढून त्या गेल्या.

"ते काढता येईल ना?" रत्नदीपने रडवेल्या आवाजात विचारलं.

नयनने पुन्हा ऐकून पाहिलं. "त्या तुझ्या आवाजावरच बसल्यात. त्यांना काढलं तर तूपण जातोस."

जूनमध्ये ‘निर्जन’ इंटरनेटवर आला. पहिल्या महिन्यात एकेचाळीस वेळा ऐकला गेला, त्यातल्या तीस वेळा खुद्द कलावंताने. मारुतीरावांनी कंपनीत पॅकिंगच्या साहेबाच्या कानावर घालून ठेवलं. रत्नदीपने जेवण टाकलं, म्हणजे दुसरी पोळी.

पण जुलैत आकडे हलायला लागले! रोज वीस, मग तीस. आणि गंमत म्हणजे सगळे सकाळी आठ-साडेआठला!

"कळलं का आई? लोकांची सकाळ माझ्या गाण्याने सुरू होते!"

गणपतीला दोन दिवस असताना हजारचा आकडा लागला. मारुतीराव मखराला सोनेरी कागद चिकटवत होते. रत्नदीपने फोन त्यांच्या नाकासमोर धरला. त्यांनी चष्मा वर करून आकडा दोनदा वाचला.

"शब्द म्हणजे शब्द," ते म्हणाले. "मी काही बोलत नाही."

तेवढ्यात नाइट करून आलेला दौलत दारातून डोकावला.

"रत्न्या, तुझ्याकडेच आलेलो. तुझा अल्बम म्हणजे औषध आहे रे!"

"बघा पप्पा! रसिक!"

"दिवसा झोप कुठे लागते आम्हाला? पोरं ओरडतात, मिक्सर फिरतात. त्या दिवशी तुझ्याकडे काय झोपलेलो मी! मग अख्ख्या शिफ्टला पाठवला. कानात लावला की दुसऱ्या गाण्याला माणूस गार!"

रत्नदीपचा फोन हळूहळू खाली आला. मारुतीरावांनी दिलेला शब्द पाळला, पण त्यांचे खांदे हलत होते.

"पहिलं गाणं तरी कसं वाटलं?" रत्नदीपने क्षीण आवाजात विचारलं.

"सुरुवात मस्त आहे," दौलत जांभई देत म्हणाला. "फक्त एक काम कर. ते दहावं गाणं काढून टाक. पाऊण तासाने बायजामावशी ओरडतात नि अख्खी शिफ्ट दचकून उठते! परवा तर एक जण खाटेवरून पडला."

कांताबाईंनी पोह्यांची बशी मुलाच्या हातात दिली आणि न विचारताच लिंबू पिळलं.

दहावं गाणं त्याच दिवशी अल्बममधून निघालं. बायजामावशींनी तेव्हापासून अबोला धरलाय, कारण त्यांचं आयुष्यातलं एकमेव रेकॉर्डिंग तेच होतं. रत्नदीपला कुणी विचारलंच तर तो सांगतो, श्रोत्यांच्या आग्रहाखातर काढलं.