पंचविसावी ओळ

बावीस वर्षांत आपल्या हातून गेलेला एकही कागद चुकीचा म्हणून परत आलेला नाही, हे फुटबॉल क्लबचे लेखनिक भेटेल त्याला सांगत. वय एक्कावन्न, नाकावर चष्मा, पँटच्या पट्ट्यावर विसावलेलं पोट. खेळाडू त्यांना काका म्हणत. क्लब पहिल्यांदाच खंडीय स्पर्धेला पात्र ठरला आणि कोचची झोप उडाली, तेव्हा काकांनीच त्याला धीर दिला. मैदानातलं तुम्ही बघा, म्हणाले, कागदांचं माझ्यावर सोडा.

कोचने सोडलं. तिथेच घात झाला.

खेळाडूंच्या नोंदणीच्या फॉर्मवर पंचवीस ओळी होत्या आणि कोचने दिलेल्या चिठ्ठीवर नावं चोवीस. आपल्या नेहमीच्या लीगच्या फॉर्ममध्ये शेवटची ओळ माहिती भरणाऱ्याची असते. बावीस वर्षं काकांनी तिथे स्वतःचं नाव लिहिलं होतं; इथेही लिहिलं. पुढे जन्मतारीख विचारली होती. उंची आणि वजनही विचारलं होतं. अख्ख्या खंडाचा कारभार म्हणजे इतका बारकावा हवाच, असं म्हणत काकांनी कौतुकाने सगळं भरलं. वजन तेवढं चार किलो कमी लिहिलं. ‘जागा’ या रकान्यात ‘मधली’ असं लिहिलं, कारण ऑफिसात त्यांचं टेबल दोन कपाटांच्या मधे होतं. टाय लावलेला फोटो चिकटवला आणि पाकीट रवाना केलं.

चिठ्ठीच्या मागच्या बाजूला पंचविसावं नाव होतं. काकांनी चिठ्ठी उलटलीच नव्हती.

पंधरा दिवसांनी ओळखपत्रं आली. पत्रात सर्व पंचवीस खेळाडूंना शुभेच्छा होत्या आणि शेवटच्या ओळखपत्रावर टाय लावलेले काका होते. क्रमांक एक्केचाळीस, मधली फळी. नियमावलीत वयाला खालून मर्यादा होती, वरून नव्हती. यादीत बदल करता येणार होता, पण गटातले सहाही सामने संपल्यावर, तेही क्लब पुढच्या फेरीत गेला तर.

मागच्या बाजूचं नाव होतं, सगळे ज्याला डावखुरा म्हणत त्याचं. क्लबचा सगळ्यात जुना आघाडीवीर, वय चौतीस, गुडघ्यावर दोन शस्त्रक्रिया. या स्पर्धेत एकदा खेळायचं आणि मग बूट काढायचे, असं तो अकरा वर्षं म्हणत आला होता. हा त्याचा शेवटचा मोसम. काकांनी त्याला ऑफिसात बोलावून सगळं खरं सांगितलं. त्याने ओळखपत्र उचलून बघितलं. फोटो चांगला आलाय, एवढंच म्हणाला आणि निघून गेला. त्यानंतर तो ऑफिसची पायरी चढला नाही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं, असं काकांना वाटत राहिलं.

घरी बायकोला सांगितलं, तर तिने हातातली कणीक खाली ठेवली.

“अहो, तुम्ही कधी बॉल हातात तरी घेतलाय का?”

“तो हातात घ्यायचा नसतो.”

“बघा, तेवढंही मला आत्ता कळतंय.”

सासऱ्यांना मात्र ही चूक आहे हे शेवटपर्यंत पटलं नाही. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. त्यांनी पहिल्यांदाच चारचौघांत ‘आमचे जावई’ असा उल्लेख केला.

मोसम सुरू झाला. पहिले दोन सामने क्लब हरला, तिसरा बरोबरीत सुटला. काका प्रत्येक सामन्याला छातीशी फाइल धरून बसत, जणू गोल तिच्यातूनच व्हायचा होता. चौथा जिंकला, पाचवाही जिंकला. पुढच्या फेरीसाठी शेवटच्या घरच्या सामन्यात नुसती बरोबरी पुरणार होती.

त्याच आठवड्यात तापाची साथ आली आणि संघ निम्मा झाला. राखीव बाकावर कोणीतरी बसवायला हवं, म्हणून कोचने नाइलाजाने एक्केचाळीस नंबरचा शर्ट मागवला. तो काकांच्या पोटावर आला आणि थांबला. त्यातच पाहुण्या संघाच्या कोचने पत्रकारांसमोर बोलून ठेवलं होतं: सगळ्यांची चित्रफीत मिळाली, एक्केचाळीस नंबरची कुठेच मिळत नाही. यांनी त्याला मुद्दाम लपवून ठेवलाय.

सामन्याआधी काका बुटांच्या नाड्यांशी झगडत होते. कोणीतरी समोर खाली बसलं. डावखुरा होता.

“एवढ्या घट्ट नाही बांधायच्या, पाय बधिर होतो,” असं म्हणून त्याने दोन्ही बूट नीट बांधून दिले.

सामना एक-एक असा बरोबरीत होता. सात मिनिटं उरली असताना मधल्या फळीतला पोरगा पाय धरून बसला. बाकावर काकांशिवाय कोणी उरलं नव्हतं. कोचने एकवार आभाळाकडे बघितलं.

“काका, त्या लांबच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहा. बॉल आला तर जाऊ द्या.”

काका निघाले. पाहुण्यांच्या कोचने ओरडून हात हलवले आणि त्यांचे दोन तगडे गडी काकांच्या मागे धावले. काका कोपऱ्यात पोहोचून गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकू लागले. ही काहीतरी चाल असणार, या समजुतीने दोघंही त्यांना चिकटून उभे राहिले. चष्म्याशिवाय काकांना पलीकडचं काहीच दिसत नव्हतं. पलीकडे पाहुण्यांचे उरलेले नऊ जण गोल करायला धडपडत होते आणि त्यांना दोन माणसं कमी पडत होती. शिट्टी वाजली. बरोबरी! सात मिनिटांत काकांचा पाय एकदाही चेंडूला लागला नाही.

यादी खुली झाली त्या सकाळी डावखुरा ऑफिसात आला. खुर्ची ओढून टेबलाजवळ बसला आणि स्वतःच्या नावाच्या अक्षरा-अक्षरावर बोट ठेवून त्याने ते तपासलं. काकांनी तीनदा वाचून दाखवलं. एक नाव आत घ्यायचं तर एक काढायला हवं होतं. काकांनी आपलं नाव लिहिलं, क्रमांक लिहिला, आणि ‘वगळण्याचे कारण’ या रकान्यावर पेन अडलं. ‘लेखनिकाची चूक’ असं लिहायला बावीस वर्षं आडवी येत होती.

“इथे काय लिहू रे?”

“खरं तेच लिहा, काका,” डावखुरा म्हणाला. “खराब फॉर्म.”