आतून आलेले टेंबेकाका

"टेंबेजी! मेरा सफेद सूट!"

मल्होत्राबाई अंगणातून अशा ओरडल्या, की सरोजिनी नगरच्या बाजारातले भाव क्षणभर उतरले. दोरीवरच्या त्यांच्या पांढऱ्याशुभ्र सलवार-कमीजवर गच्चीतून जांभळा रंग बरसला होता. वर आमचे शेजारी टेंबेकाका उभे. हातात बादली, डोळे मिटलेले.

"बहनजी, अंदर से आया है!"

"तो अंदर ही रखना था!"

अमूर्त कलेची याहून नेमकी समीक्षा दिल्लीत आजवर झालेली नाही.

दिवसा काका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. फायलीवर शाईचा ठिपका पडला तरी चपराशाला झापणारे. संध्याकाळी मात्र गच्चीत कॅनव्हास अंथरायचा आणि लांबून रंग फेकायचे. "आतून आलं पाहिजे, यार!" आमच्याकडची कबुतरं इतकी रंगीत झाली, की एक परदेशी पक्षितज्ज्ञ नवी जात म्हणून त्यांची नोंद करून गेला. दरवर्षी प्रदर्शन भरे. समोसे संपले, की रसिक संपत. करोल बागेतल्या एका कापडवाल्याने तेवढं एक चित्र घेतलं, त्यावरून साड्या छापल्या आणि काकांना म्हणाला, "आता जरा फुलांचं काढा."

काकूंचं मागणं एकच. "अहो, एकदा माझं चित्र काढा. माझ्यासारखं दिसणारं."

"चेहरा काय, रेशनकार्डावरही असतो!" असं म्हणत काकांनी अखेर काढलं. लाल-पिवळा भडका, मधोमध काळा फराटा. काकू बराच वेळ बघत राहिल्या.

"छान आहे. पण मी यात फार भाजलेय हो."

काका आठवडाभर जेवले नाहीत. म्हणजे, घरी जेवले नाहीत.

निवृत्तीनंतर ते दिल्लीतल्याच द्वारकेला, आम्ही आधीच राहायला गेलो होतो त्या सोसायटीत आले. वर्षभरात काकू वारल्या. रंग फेकणं थांबलं.

परवा मुलीला क्लबहाउसमधल्या चित्रकलेच्या क्लासला सोडायला गेलो, तर सतरंजीवर दुसरीतल्या पोरांच्या रांगेत मांडी घालून टेंबेकाका! कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली टीचर त्यांना सांगत होती, "अंकल, नाक फिर टेढ़ी हो गई." शेजारच्या पोराने उदार मनाने आपलं खोडरबर पुढे केलं. काकांच्या कागदावर अंबाडा काकूंचा होता, कुंकू काकूंचं होतं. नाकाच्या जागी खोडून खोडून भोक पडलं होतं.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "काका, या वयात कशाला एवढी यातायात? काकूंचा चांगला मोठा फोटो आहे की भिंतीवर."

"त्यात ती फोटोग्राफरकडे बघतेय," काका म्हणाले.