ऑर्विल टॅकेटचं मधल्या किमतीचं पिस्तूल

स्वस्त वस्तू घेतली की माणसाची अब्रू जाते आणि महाग घेतली की झोप जाते. त्यामुळे कोणताही सुसंस्कृत समाज मधल्या किमतीच्या वस्तूंवरच उभा असतो. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातलं कॉटन फोर्क हे गाव या बाबतीत फारच सुसंस्कृत. अकरा चर्च, पिस्तुलांची चार दुकानं आणि एक दंतवैद्य (तोही फक्त मंगळवारी).

ऑर्विल टॅकेट इथे शाळेची बस चालवून निवृत्त झाला होता. आयुष्यभर मागच्या बाकांवरचा आरडाओरडा ऐकूनही त्याला कधी कुणाला गोळी घालावीशी वाटली नव्हती, याहून चांगल्या वर्तणुकीचा दाखला मिळणं कठीण. पण शेजारच्या प्रूइटबाईंचं गवत कापायचं यंत्र चोरीला गेलं आणि ऑर्विलकडे पिस्तूल हवं, असा गावाचा एकमुखी निष्कर्ष निघाला. (यंत्र पुढे बाईंच्या जावयाकडे सापडलं. पण तोवर निष्कर्ष सर्वांच्या अंगवळणी पडला होता.)

"कुणाला मारणार आहेस?" बायकोने, लोरीनने, भांडी पुसता पुसता विचारलं.

"कुणालाच नाही."

"मग कशाला हवंय?"

"सुरक्षेसाठी गं."

"कुणापासून?"

ऑर्विलने विचार केला. गावातले जे जे चेहरे डोळ्यांसमोर आले त्यांतल्या निम्म्यांना त्यानेच शाळेत सोडलेलं होतं. "डेलला विचारून सांगतो," तो म्हणाला.

डेल हा लोरीनचा धाकटा भाऊ. तीन घटस्फोट पाठीशी असल्यामुळे निवड कशी करावी या विषयावर तो अधिकारवाणीने बोलत असे.

"हे बघ ऑर्विल, स्वस्तातलं ऐन वेळी अडकतं. समोर चोर उभा आणि तू आपला खटखट करतोयस, काय शोभा राहील? आणि महागातलं घेतलंस, तर चोर तेच उचलून नेईल. मधलं घे. सेमी-ऑटोमॅटिक. एक गोळी गेली की पुढची आपोआप वर येते. माणसाला काही करावंच लागत नाही."

"डोकंसुद्धा चालवावं लागत नाही," लोरीन आतून म्हणाली.

ऑर्विलने डोकं मात्र भरपूर चालवलं. मूठ ओल्या हातातून सटकते का, वजन पुढे जास्त की मागे, गोळ्या कुठल्या मापाच्या, वॉरंटी किती, हे सगळं त्याने कित्येक आठवडे वाचलं आणि व्हिडिओ लावून पाहिलं. लग्नाआधी लोरीनबद्दल त्याने एवढी चौकशी केली नव्हती. मुलीच्या हृदयाचं ऑपरेशन करणारा डॉक्टर तर त्याने फोनवर एका वाक्यात ठरवला होता.

शेवटी तो दुकानात गेला. गळ, जाळी, पिस्तुलं आणि फुकट कॉफी एकाच छताखाली. विक्रेता रँडल विनयशील होता.

"हे बघा सर. माझ्या आईला हेच दिलंय." (त्या मोसमात त्याने आईला नऊ प्रकारची पिस्तुलं दिली होती.)

"अडकत नाही ना?"

"दहा हजार गोळ्यांत एकदाही नाही."

"एवढ्या गोळ्या कुणावर झाडल्या?"

"कागदावर, सर. कागदाची काही तक्रार नाही."

मग सरकारी चौकशी झाली. तुम्ही वेडे आहात का, हे सरकार खरेदीदारालाच विचारतं. कारण ही गोष्ट त्याच्याइतकी दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? ऑर्विलने 'नाही' लिहिलं. पिस्तुलावर टोपी फुकट मिळाली.

पिस्तूल येईपर्यंत त्या घरात आवाज होत नसत. आता होऊ लागले. छपरावर खार पळाली, फ्रिजमध्ये बर्फ पडला, पाण्याचा पाइप कण्हला की ऑर्विल खुर्चीतून अर्धा उठे. लोरीन टीव्हीचा आवाज वाढवी.

एका शनिवारी दुपारी लोरीन मुलीकडे गेली होती. फुटबॉलची मॅच बघता बघता ऑर्विलचा डोळा लागला, आणि जाग आली ती स्वयंपाकघरातल्या पावलांनी. कुणीतरी खण उघडला. भांडं वाजलं. ऑर्विलने झोपायच्या खोलीतून पिस्तूल आणलं आणि भिंतीला पाठ घासत पुढे सरकला. दारातून त्याला दिसलं की फ्रिजपाशी एक रुंद पाठ वाकलेली आहे. 'कोण आहे?' असं विचारायचं त्याने ठरवलं होतं. पण आवाजाच्या आधी बोट हललं.

पिस्तुलाने अजिबात न अडकता पहिल्याच ओढीला काम केलं. एवढ्या किमतीत याहून जास्त कुणी मागू नये.

पाठ वळली. तो डेल होता. हातातला पीचचा केक शर्टभर माखलेला. गोळी त्याच्या कानाजवळून फ्रिजच्या दारात गेली होती. डेल सावकाश फरशीवर बसला. त्याला उठवायला गेलेला ऑर्विलही शेजारीच बसला, डेलची बाही घट्ट धरून.

"मी दार वाजवलं होतं रे," डेल म्हणाला.

"लागलं का कुठे?"

"एका कानाने ऐकू येत नाहीये."

"कुठल्या?"

"काय?"

लोरीन आली तेव्हाही ते तसेच बसले होते. तिने भावाकडे पाहिलं, मग फ्रिजकडे. दारावर चुंबकाने लावलेला नातवंडांचा फोटो होता. मधल्या नातीच्या वाढदिवसाच्या टोपीतून गोळी आरपार गेली होती. लोरीनने फोटो काढून पर्समध्ये ठेवला, रक्तदाबाच्या गोळ्या बरोबर घेतल्या आणि गाडीची किल्ली उचलली.

"ते घरातून गेलं की फोन कर," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून ऑर्विल जास्त घाबरला.

रँडलने पिस्तूल परत घ्यायला विनयपूर्वक नकार दिला. "वापरलेलं परत घेता येत नाही, सर. बदलून देईन. ट्रिगर जरा हलका वाटला का?" शेवटी ऑर्विलने ते शेरीफच्या पोलीस-कचेरीत नेलं आणि मोडून टाका म्हणून सांगितलं. "चांगलं आहे की हो," टेबलावरचा माणूस ते हातात तोलत हळहळला.

पुढच्या आठवड्याच्या रविवारी चर्चमधल्या पुरुषांच्या न्याहारीला ऑर्विल उभा राहिला. असं तो जन्मात कधी उभा राहिला नव्हता. "मी डेलला मारलंच होतं," तो म्हणाला. "चार बोटांनी वाचला. लोरीन निघून गेली होती, काल परत आली. माझ्याशी अजून बोलत नाही. तुम्हाला सांगावंसं वाटलं."

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. मग सर्वांत वडीलधाऱ्या माणसाने ओठांवरचा पाक पुसला.

"अडकलं नाही ना?"

"नाही."

"कुठलं होतं रे ते?"

"समोरून तर फारच दमदार दिसतं," कानात कापूस घातलेला डेल म्हणाला, जरा मोठ्यानेच. आठवडाभरात रँडलकडचा त्या जातीचा सगळा माल संपला.

कॉटन फोर्कच्या या मंडळींना वाचकांनी खुशाल हसावं. मात्र डेलच्या कानाचं पुढे काय झालं हे आपल्यापैकी किती जणांनी मनात विचारलं, आणि किती जण अजून त्या पिस्तुलाचं नाव कळायची वाट पाहत आहेत, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

(कान गेला.)