हवेला वाट

न्हाणीघरातल्या नळाची चावी नाहीशी झाली, तेव्हा प्लंबरच्या बायकोनं मनातल्या यादीत तिची नोंद केली. आधी छत्रीची स्प्रिंग गेली होती, मग जावयाच्या सायकलचा ब्रेक. ब्रेक गेल्याचं जावयाला उतारावर कळलं.

"अहो, लोकांचे नळ बसवता नि घरचे सोलून काढता?"

"तुझ्यासाठीच चाललंय," पाइप कापता कापता प्लंबर म्हणाला.

ते खरं होतं. सात वर्षं ती वनखात्याच्या टेकडीवर रोजानं, वाकून एकेक खड्डा करत, झाडांच्या बिया टोकत होती. आता कंबरेनं संप पुकारला होता आणि खात्याच्या साहेबांनी सांगितलं होतं, "बाई, वाकता येत नसेल तर सोमवारपासून नका येऊ."

शनिवारी साहेबांसमोर अवजार उभं राहिलं. कंबरेएवढा पाइप, खाली पोलादी चोच, वर मुठीला नळाची चावी. चोच पायानं जमिनीत दाबायची, वरून बी सोडायची, ब्रेक दाबला की चोच उघडणार, सोडला की छत्रीच्या स्प्रिंगनं मिटणार. वाकायचं नावच नको.

बाईंनी पन्नास बिया टोकल्या. ताठ मानेनं, फौजेची पाहणी करावी तशा. गुडघ्याला पट्टी बांधलेला जावई टाळ्या वाजवत होता. साहेबांनी सहज एक खड्डा उकरला. रिकामा. दुसरा रिकामा. तिसराही.

"अहो, हे तर हवा पेरतंय!"

प्लंबरचा चेहरा उतरला. बायको लंगडत पुढे आली.

"थांबा साहेब. मघापासून बुटात खडे टोचताहेत. चारचौघांत बरं दिसत नाही म्हणून गप्प होते."

तिनं उजवा गमबूट उलटा केला. सत्तेचाळीस बिया! तीन तेवढ्या इमानदारीनं जमिनीत गेल्या असाव्यात.

जावयानं पाइपवरून बोट फिरवलं. "बाबा, हे भोक कशाला?"

"म्हणजे काय? पाइप म्हटला की हवेला वाट नको?" तीस वर्षांची सवय बोलली. भोक बरोबर गमबुटाच्या तोंडाशी होतं.

कोणी काही बोलायच्या आत जावयानं गुडघ्याची पट्टी सोडली आणि भोकावर आवळून बांधली. बाईंनी आणखी दहा बिया टोकल्या. साहेबांनी दहाही खड्डे उकरले. दहाच्या दहा हजर.

साहेब उठले, म्हणजे उठायला लागले. अर्ध्यात अडकले. प्लंबरनं हात दिला.

"बाई, सोमवारी वेळेवर या," कंबर धरून ते म्हणाले. "आणि अहो, अशी आणखी चार करून आणा. एक माझ्यासाठी."

घरी परतल्यावर बायको न्हाणीघरात पकडीनं नळ सोडून पाय धूत होती. प्लंबर दारात घुटमळला.

"उद्या नवी चावी बसवतो गं."

तिनं नळ बंद केला. पाय पुसले, पकड उचलली, स्वयंपाकघरात गेली. थोडी करकर ऐकू आली. परत येऊन तिनं त्याच्या हातावर ओट्याच्या नळाची चावी ठेवली.

"चार सांगितलीत ना त्यांनी? ही घ्या. आणि जावयांच्या सायकलला मागचाही ब्रेक आहे."