कंसातला हशा

पक्षाच्या प्रचारसभेचे इतिवृत्त लिहिताना लघुलेखकाने पान सहावर, कंसात, ‘प्रचंड हशा’ असे दोन शब्द लिहिले. एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्याने लिहिलेले कुणीतरी वाचण्याची ही पहिलीच वेळ होती.

उमेदवार येईपर्यंत गर्दी धरून ठेवायला सभेत एक विनोदवीर उभा केला होता. तो म्हणाला, “नदीपलीकडे घड्याळाचं दुकान टाकू नका. तिथे कुणालाच कुठे पोचायचं नसतं.” नदीपलीकडे अठरा हजार मतदार राहतात हे विनोदवीराला ठाऊक नव्हते, आणि ज्यांना ठाऊक होते ते हसण्यात गुंतले होते. दुसऱ्या दिवशी नदीपलीकडच्या भिंतींवर उमेदवाराची सगळी पोस्टरे उलटी, डोके खाली करून चिकटवलेली आढळली.

पक्षाने तातडीने खुलासा केला, की सदर विनोद हे विनोदवीराचे वैयक्तिक मत असून सभेत कुणीही हसलेले नाही. विरोधकांनी पान सहा छापून घरोघर वाटले.

कार्यालयप्रमुखांनी लघुलेखकाला बोलावून घेतले.

“काय हो, हशा कुणाला विचारून लिहिलात?”

“साहेब, झाला म्हणून लिहिला.”

“झालं ते सगळं लिहायचं असतं का? आणि वर प्रचंड. नुसता हशा असता तर सांभाळून घेतलं असतं.”

“मंडपाचे खांब हलत होते साहेब.”

“मग वारा लिहायचा.”

चौकशी समिती नेमण्यात आली. तिचे तिन्ही सदस्य सभेत पहिल्या रांगेत बसलेले असल्याने त्यांना विषयाची उत्तम जाण होती. बेचाळीस जणांच्या साक्षी झाल्या. कुणीच हसले नव्हते. एकाने जांभई दिली होती. एकाला दाताच्या डॉक्टरांनी तोंड उघडे ठेवायला सांगितले होते. फक्त विनोदवीर म्हणाला, “लोक हसले नसते तर मी गप्प बसलो असतो. पुढे अकरा विनोद केले.” हे विधान विनोद समजून कामकाजातून वगळण्यात आले.

खांब हलले होते, म्हणजे आवाज झाला होता. कुणी हसले नव्हते, म्हणजे तो हशा नव्हता. समितीने एकमताने शुद्धिपत्रक काढले: ‘प्रचंड हशा’ऐवजी ‘प्रचंड खोकला’ असे वाचावे.

आरोग्य खात्याने ते तसे वाचले. सात हजार माणसे एका वेळी खोकतात ही बाब गंभीर होती. सभेला हजर असलेल्या प्रत्येकाने चौदा दिवस घराबाहेर पडू नये, असा आदेश निघाला. मतदान नऊ दिवसांवर होते. उमेदवाराच्या फाटकावर पिवळी नोटीस लागली.

तिसऱ्या दिवशी लघुलेखकाच्या घरी फोन वाजला.

“ऐका,” कार्यालयप्रमुख म्हणाले, “आपल्याला हशा हवाय.”

“किती?”

“एकाचा पुरे. एक माणूस हसला, आणि त्याला गप्प करायला बाकीच्यांनी घसे खाकरले. आरोग्यवाल्यांना चालतंय, विचारून घेतलंय.”

“तो एक कोण?”

“आता मीच सांगू? हसला होतात की तुम्ही. मी शेजारीच होतो. मला ठसका लागला होता.”

अडचण अशी, की लघुलेखक खरोखरच हसला होता. त्याहून मोठी अडचण म्हणजे बायकोचे माहेर नदीपलीकडचे, आणि ती दारातच उभी होती.

“अहो, खरंच हसलात?”

“हसलो. तुझ्या भावाचं दुकान डोळ्यापुढे आलं.”

मेहुण्याचे तिथे घड्याळांचेच दुकान होते. बायको दोन दिवस बोलली नाही. तेवढ्या शांततेत लघुलेखकाने कबुलीजबाब सुवाच्य अक्षरात लिहून दिला. सभेची शिस्त मोडल्याबद्दल त्याला नोकरीवरून काढण्यात आले आणि त्याच दुपारी सात हजार लोकांचा खोकला बरा झाला.

उमेदवार माफी मागायला नदीपलीकडे गेला. बायकोही नवऱ्याला माफी मागायला तिथेच घेऊन गेली होती. मेहुण्यासकट तिघेही सभेत मागच्या रांगेत बसले.

“जो हसला त्याला आम्ही घरी बसवलं,” उमेदवार हात जोडून म्हणाला. “आणि मुळात तो विनोद तुमच्यावर नव्हताच. घड्याळाचं दुकान टाकू नका म्हटलं, ते टेकडीपलीकडे.”

मंडपाचे खांब हलले. मेहुणा डोळे पुसत होता. बायकोला तर हसता हसता श्वास पुरेना. लघुलेखकाने सवयीने खिशातून पेन्सिल काढली.

“आता काय लिहिताय?” तिने कसेबसे विचारले.

“खोकला.”

सदर कथेच्या दुसऱ्या परिच्छेदात ज्या वाचकांना खोकला आला, त्यांनी आपली नावे लेखी कळवावीत. नावे न आल्यास कुणीही हसले नाही, असे समजण्यात येईल.