जनूभाऊंची उसनी जीभ

आमच्या शेजारचे जनूभाऊ दिवसातून अकरा वेळा दात घासतात. हा आकडा ऐकीव नाही. त्यांची मोरी आणि माझी खोली यांच्यामध्ये फक्त अबोलीचा एक वाफा आहे, आणि मुलांच्या वह्या तपासताना मला त्यांची प्रत्येक चूळ ऐकू येते. सकाळी सात वाजता एकदा, ठीक आहे. पण दुपारी अडीचला? संध्याकाळी पावणेपाचला? समोरच्या घरात काशीताईंनी शिऱ्याला रवा भाजायला घेतला, की तो लाल व्हायच्या आत जनूभाऊ ब्रश घेऊन अंगणात हजर. तोंडात फेस आणि चेहऱ्यावर साऱ्या नागावाने मिळून आपल्यावर अन्याय केल्याचा भाव. त्यांच्या वाडीत पर्यटकांसाठी दोन खोल्या आहेत. कोणी चौकशीला आलं तर ते फेसासकटच बोलतात, आणि निम्मे पर्यटक पुढच्या घरी जातात.

याचं कारण असं, की जनूभाऊंनी गेल्या वर्षी गणपती झाल्यावर पोट लहान करण्याचं ऑपरेशन करून घेतलं. तेव्हा ते एकशे चौतीस किलोंचे होते आणि डायबेटिसने त्यांना पुरतं धरलं होतं. माणगावच्या भाचीने मागे लागून त्यांना मुंबईला नेलं. आता ते त्र्याऐंशी किलोंचे आहेत, साखर ताब्यात आहे, नारळाच्या ढिगावरून उडी मारून जातात. सगळं उत्तम. फक्त गोड खायचं नाही. आणि खायचं नाही म्हणजे खरोखरच खायचं नाही. पेढाभर जरी पोटात गेलं तरी पंधरा मिनिटांत दरदरून घाम फुटतो, छाती धडधडते, हातपाय गळून जातात. आहारवाल्या बाईंनी सांगितलं, गोड खावंसं वाटलं की दात घासा आणि दहा मिनिटं थांबा, इच्छा जाते. जनूभाऊ दात घासतात. इच्छा जात नाही. फक्त दात झिजतात.

"डॉक्टरनं पोट कापलंन, जीभ तशीच ठेवलीन," हे त्यांचं पालुपद. "अर्धं काम केलंन, मास्तर."

हे ऐकून मला पहिल्यांदा हसू आलं होतं. आता येत नाही. कारण उरलेलं अर्धं काम त्यांनी माझ्या गळ्यात घातलं.

मला गोड आवडत नाही. लहानपणापासून नाही. श्रीखंडाची वाटी मी शेजारच्या पानात सरकवतो, लग्नात जिलबीकडे पाठ करून बसतो. माझी बायको सुजाता म्हणते, की तुमच्या बोलण्यात गोडवा नाही तो यामुळेच. असो. पण नेमका हाच माझा दोष जनूभाऊंना गुण वाटला. "ज्याला आवड हाय तो काय पन चांगलंच म्हननार," ते म्हणाले. "तुमची जीभ कोरी हाय. मला कोरीच पायजे." आणि त्या दिवसापासून मी शाळेतून आलो, की चार वाजता मला त्यांच्या ओट्यावर बसावं लागतं.

समोर बशी येते. पर्यटकांसाठी केलेली खांडवी, नारळाची वडी, फणसाचं सांदण, कधी नुसताच गुळाचा खडा. मी खायचं. जनूभाऊंनी समोर डोळे मिटून बसायचं. आणि मग परीक्षा. आधी काय लागलं, गूळ की नारळ? वेलची कुठे लागली, जिभेच्या टोकाला की मागे? गिळल्यावर घशाशी काय राहिलं? एकदा मी वैतागून "छान आहे" म्हणालो, तर त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे असं पाहिलं, की गेली बावीस वर्षं विज्ञान शिकवून मी एकाही पोराकडे तसं पाहिलेलं नाही. "छान हा काय स्वाद हाय काय?" म्हणाले. "परत खा." मी परत खाल्लं. सहा महिन्यांत माझ्या तीन पँटी शिंप्याकडे जाऊन सैल होऊन आल्या. ऑपरेशन त्यांचं, वजन माझं. यावर दाद कोणाकडे मागायची?

बरं, एवढ्यावर भागलं तर ते जनूभाऊ कसले. वाण्याच्या दुकानात ते भिंग घेऊन जातात. प्रत्येक पुडक्यावरची बारीक अक्षरं मोठ्याने वाचतात आणि साखर सापडली, की दुकानभर जाहीर करतात. शेवेत साखर. सॉसमध्ये साखर. खोकल्याच्या औषधात तर साखरच साखर. "ह्ये खोकला बरा करतात का बारसं करतात?" असं त्यांनी एकदा वाण्याला विचारलं. मी मागे हातात एक काडेपेटी घेऊन पाऊण तास उभा होतो.

तरीही एक सांगतो. या बाबतीत माझा राग जनूभाऊंपेक्षा आळीवर जास्त आहे. आपल्याकडे माणसाने दारू सोडली तर लोक कौतुक करतात. गोड सोडलं तर घरी येऊन भरवतात. "एवढ्याशानं काय होतंय?" हे वाक्य कायद्याने बंद केलं पाहिजे. काशीताईंच्या नातवाच्या बारशाला जनूभाऊ हात जोडून नको नको म्हणत होते, तर काशीताईंनी बोलता बोलता त्यांच्या तोंडात पेढा कोंबला. पंधराव्या मिनिटाला जनूभाऊ चार खुर्च्या जोडून त्यांवर आडवे, अंगातून घामाच्या धारा. काशीताईंनी निदान काय केलं असेल? नजर लागली! मीठमोहऱ्या ओवाळल्या. आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या तब्येतीची चौकशी करायला आल्या त्या हातात पेढ्यांचाच पुडा घेऊन. पेढे जनूभाऊंनी मला दिले. मी तरी किती खायचे?

प्रसादाची तर वेगळीच तऱ्हा. प्रसादाला नाही म्हणता येत नाही. जनूभाऊ तो घेतात, डोळ्यांना लावतात आणि खिशात टाकतात. त्यांच्या प्रत्येक सदऱ्याच्या खिशाला मुंग्या लागलेल्या असतात.

आता मुख्य गोष्ट. आमच्या आळीत अकरा घरं, अकरा गणपती. पण मोदकांचं सारण एकच, जनूभाऊंचं. पुरुषाने सारण करावं ही रीत कुठेच नाही. पण तीस वर्षांपूर्वी त्यांच्या आई आजारी होत्या म्हणून त्यांनी ते केलं, आणि दुसऱ्या वर्षी बायकांनीच त्यांना पुन्हा बसवलं. लग्न त्यांनी केलं नाही. का, ते विचारायची सोय नाही. पंचायतीत नाहीत, देवळाच्या कमिटीत नाहीत. चतुर्थीच्या पहाटे पंचवीस नारळांचं सारण एवढंच त्यांचं आळीतलं पद. आणि यंदा श्रावण लागल्यापासून त्यांचा धीर सुटत चालला होता.

मला कळेना, की यात एवढं घाबरण्यासारखं काय आहे. नैवेद्य कोणीच चाखत नाही. देवाला दाखवायच्या आधी चाखलं तर ते उष्टं. आमच्या बायका डोळ्यांनी आणि वासाने गूळ घालतात आणि तो बरोबर पडतो. जनूभाऊही तसंच करत असणार. मी तसं म्हणालो. मग त्यांनी कबूल केलं, की तीस वर्षं ते दर खेपेला चाखत होते. एकदा नाही. गूळ विरघळल्यावर एकदा, वेलची घातल्यावर एकदा, उतरवल्यावर एकदा.

मी ताडकन उठलो. म्हणजे अकरा घरांच्या गणपतींनी तीस वर्षं जनूभाऊंचं उष्टं खाल्लं! त्यात माझ्या घरचाही आला.

"द्येव आपला हाय," जनूभाऊ शांतपणे म्हणाले. "त्याला बिघडल्यालं कसं द्यायचं?"

आणि मग ते मुद्द्यावर आले. यंदा चाखायला मी यावं. मी सरळ नाही म्हटलं. मी विज्ञान शिकवतो, भूतखेत मानत नाही, पण नैवेद्य उष्टा करणार नाही. अंदाजाने करा, जमेल, असं म्हणून मी विषय संपवला. त्यांनी पुन्हा विनवलं नाही. फक्त एवढंच म्हणाले, की सारण गेलं तर मग आळीत माझं काम काय?

चतुर्थीच्या दुपारी आरत्या झाल्या, की साऱ्या आळीची एकत्र पंगत बसते, दरवर्षी एकेका घरी. यंदा आमच्याकडे होती. पहाटे जनूभाऊ सारणाचा टोप घेऊन आले आणि ओट्यावर ठेवून बाजूला उभे राहिले. बायकांनी मोदक वळले, नैवेद्य झाला, पहिली पंगत बसली. जनूभाऊ स्वतः टोपली घेऊन वाढायला आले. प्रत्येक पानाशी थांबत होते. मोदक फोडला, की लोक मान हलवत. झकास. फर्स्ट क्लास. जनूभाऊ, हात काही ओसरला नाही बरं का. काशीताई वाढता वाढता थांबल्या आणि आपल्याच हातातल्या मोदकाचा तुकडा तोंडात टाकून म्हणाल्या, की यंदा तर नेहमीपेक्षाही सरस.

मी मोदक फोडला, तूप घातलं, खाल्ला. काय सांगू? मला तो आवडला. दुसरा घेतला. तिसरा मागून घेतला. हाताने चौथ्यासाठी खूण केली तेव्हा जनूभाऊ टोपली घेऊन समोर उभे होते, आणि त्यांचा चेहरा उतरलेला मला दिसला. आयुष्यात पहिल्यांदा मला मोदक गोड मिट्ट लागला नव्हता. वर्षभर साखरेला भिऊन भिऊन त्या माणसाचा हात आखडला होता. गूळ जेमतेम निम्मा पडला होता. आणि पंगतीतली चाळीस माणसं ते सपक सारण खाऊन मिटक्या मारत होती.

पंगत उठल्यावर जनूभाऊ दिसेनात. ते परसदारी विहिरीच्या कठड्यावर बसले होते. मी गेलो. खरं तेच बोललो. "गूळ निम्माच पडलाय, जनूभाऊ."

"हां," ते म्हणाले. "तुमी एक तरी खरं बोललात."

मग म्हणाले, "नागावात खोटं कुनाशी बोलतात, ठाव हाय ना? पाव्हन्यांशी. खोली आवडली का, जेवान आवडलं का. मी पन बोलतो. आज सगळी आळी माझ्याशी तसं बोलली, मास्तर. मी पाव्हना झालो."

मी म्हणालो, पुढच्या वर्षी मी चाखीन. गणपतीला काय सांगायचं ते माझं मी बघतो. त्यावर ते हसल्यासारखे झाले, पण उठेनात. आत दुसरी पंगत मांडत होते. बायका आणि वाढपी यांची. मी म्हटलं, चला, पानं मांडली.

"माझं न्हाय मांडलं."

मी वळून खिडकीतून पाहिलं. सुजाता पानं मोजून मांडत होती. बाराजण बसायचे होते, जनूभाऊ धरून तेरा. पानं बारा होती.

"वर्ष झालं," जनूभाऊ म्हणाले. ऑपरेशनच्या आधी त्यांना कोण बोलवत नव्हतं? साखरपुडा असो, वास्तुशांत असो, जनूभाऊ चाळीस मोदक खातात ते बघायला लोक उठून यायचे. आता लोक म्हणतात, त्याला कशाला बोलवायचं, बिचाऱ्याला खाता येत नाही. वाढायला बोलवतात. जेवायला कोणी नाही. "मला काय नको, मास्तर. पानात वाढू पन नका. पन पान मांडा."

मला संताप आला. आळीचा आला, काशीताईंचा आला, आणि मग आठवलं, की गेल्या वर्षभरात आमच्या घरी तीन कार्यं झाली आणि पानं मोजून आणायचं काम तिन्ही वेळा माझ्याकडे होतं. वर्षभर रोज चार वाजता मी त्या माणसाच्या ओट्यावर बसून खात होतो. एकदाही त्याला, आमच्याकडे जेवायला या, असं म्हणालो नव्हतो.

मी आत जाऊन सुजाताला सांगितलं. तेरावं पान तिने मधोमध, काशीताईंच्या शेजारी मांडलं. मीठ, लिंबू, चमचाभर वरण, दोन घास भात, वालाची थोडी उसळ. मोदकही ठेवला, कारण चतुर्थीला बिनमोदकाचं पान नसतं. तो जनूभाऊंनी हात लावून तसाच राहू दिला.

या ऑपरेशननंतर प्रत्येक घास तीस वेळा चावावा लागतो आणि दोन घासांमध्ये थांबावं लागतं. पंगतीतल्या बाकीच्यांचं वीस मिनिटांत आटोपलं. जनूभाऊंचं निम्मंही झालेलं नव्हतं. आणि आमच्याकडे सगळ्यांचं झाल्याशिवाय पंगतीतून कोणी उठत नाही.

"उठा तुम्ही," जनूभाऊ दोनदा म्हणाले.

मी पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतो. काशीताई हात वाळवत बसल्या होत्या. त्यांनी नातवाच्या दाताची गोष्ट काढली, मग सुजाताने पावसाची काढली. जनूभाऊ सावकाश चावत होते आणि मधूनमधून मान हलवत होते. पाऊण तास लागला. कोणी उठलं नाही.